‘फकिरा’ : न्यायबुद्धीच्या वाढीची कादंबरी

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार लाभला. लेखनाचा पिंड सर्वस्वी वेगळा असलेल्या वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढील काळात या कादंबरीचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी होत आला. परकीय सत्तेविरुद्ध आणि सावकारीविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या वीराची गाथा म्हणून काहींनी तिचे कौतुक केले. इतरांनी पुढे बहरलेल्या दलित साहित्याची पूर्वखूण म्हणून तिच्याकडे पाहिले. या दोन्ही दृष्टी अयथार्थ नाहीत. मात्र दोहोंतही फकिरा हा पहिल्या पानापासून घडलेला, पूर्ण वाढलेला पुरुष आहे असे गृहीत धरले जाते. वस्तुतः कादंबरीच्या आरंभी तो बाप गमावलेला पोर आहे. त्या पोराच्या मनात न्यायाची जी कल्पना असते आणि अखेरीस तो स्वतःहून सरकारच्या स्वाधीन होतो तेव्हा जी असते, या दोहोंत फार मोठे अंतर पडलेले आहे. हे अंतर कसे पडत गेले, हाच या कादंबरीचा खरा विषय होय.

व्यक्तीच्या घडणीची कादंबरी असा एक प्रकार युरोपीय वाङ्मयात रूढ आहे. जर्मन समीक्षेने त्याला ‘बिल्डुंग्सरोमान’ असे नाव दिले आणि गटेची ‘विल्हेल्म माइस्टर’ (१७९५–९६) हा त्याचा आदर्श मानला. या प्रकारातील नायक घर सोडतो, भ्रमंती करतो, चुकतो, आणि शेवटी आपली व समाजाची कुठेतरी तडजोड घालून स्थिरावतो. मराठीत ‘कोसला’ (१९६३) पासून या प्रकाराची चर्चा वाढली. ‘कोसला’चा नायक स्थिरावतो की हरतो, हा वाद अद्याप मिटलेला नाही. ‘फकिरा’ला मात्र या चर्चेत क्वचितच जागा मिळाली. फकिरा शाळेत जात नाही, पुस्तक वाचत नाही, स्वतःशी फारसे बोलत नाही. मग त्याच्या घडणीची कादंबरी कशी संभवते, असा आक्षेप येथे येऊ शकेल. आक्षेप अर्धाच खरा आहे. फकिरा विचार करताना दिसत नाही हे मान्य केले तरी त्याचा प्रत्येक निर्णय आधीच्या निर्णयाला ओलांडून पुढे जातो, आणि हे वाचकाला घटनांवरूनच कळते.

या कादंबरीचे वेगळेपण नीट दिसावे यासाठी ती दोन सुप्रसिद्ध पुस्तकांशेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. १९६० साली, म्हणजे ‘फकिरा’नंतर एका वर्षाने, हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ प्रसिद्ध झाली. तिला १९६१ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. अलाबामातील एका गावात टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीयावर बलात्काराचा खोटा आरोप येतो. गोरा वकील ॲटिकस फिंच त्याची बाजू मांडतो, आणि हे सारे त्याची लहान मुलगी स्काउट पाहते. कादंबरीअखेर स्काउटला माणसे कळू लागतात. टॉम रॉबिन्सन मात्र प्राणाला मुकलेला असतो. एकाच्या वाट्याला अन्याय येतो आणि त्यातून शहाणपण दुसऱ्याला मिळते.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त हीच रचना अधिक कोवळ्या रूपात आढळते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकात एका म्हातारीची कथा आहे. लाकडांची मोळी डोक्यावर घेण्यास तिला कुणी हात देत नाही, कारण ती महार आहे. आई श्यामला मोळी उचलून द्यायला सांगते आणि नंतर स्नान करायलाही सांगते. हे नंतरचे स्नान फार बोलके आहे. आईची करुणा रूढीच्या भिंतीपर्यंत येते, भिंतीला खिंडार पाडते, पण भिंत उभीच राहते. ती भिंत पाडण्याचे काम श्यामच्या पिढीवर पडले. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हा आईने अर्धवट ठेवलेला धडा मुलाने पुरा केला असे म्हणण्यास हरकत नाही. येथेही वाढ झाली ती मोळी उचलून देणाऱ्याची. ती म्हातारी कथेतून निघून जाते, आणि घरी गेल्यावर त्या उपकाराविषयी आणि त्या स्नानाविषयी तिला काय वाटले हे सांगायला कुणी उरत नाही.

‘फकिरा’त शिकणारा आणि भोगणारा एकच आहे. त्यामुळे सहानुभूती हा नैतिक वाढीचा परिचित मार्ग त्याला मोकळाच नाही. मांगवाड्यात वाढलेल्या मुलाला अन्याय म्हणजे काय हे दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून शिकण्याची गरज नसते. त्याच्यापुढचा प्रश्न निराळा आणि अधिक कठीण आहे. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा हिशेब चुकता करताना तो कुणाकुणाच्या वतीने करायचा, आणि त्याची मर्यादा कोणती? ‘आपले’ या शब्दात कोण कोण बसते, याचे उत्तर फकिरा आयुष्यात निदान तीनदा बदलतो.

कादंबरीचा आरंभ वारणाकाठच्या वाटेगावात होतो. हे लेखकाचे स्वतःचे जन्मगाव. १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म येथे झाला. वाटेगावला जत्रा नाही, कारण देवीची जोगणी शिगावकडे आहे. जोगणी पळवून आपल्या शिवेत आणणाऱ्या गावाला जत्रेचा मान मिळतो, असा जुना रिवाज आहे. फकिराचा बाप राणोजी हे साहस अंगावर घेतो, गबऱ्या घोड्यावरून शिगाव गाठतो, जोगणी आणतो आणि खोताच्या माणसांशी लढताना मारला जातो. गावाला जत्रा मिळते, दौलतीचा मुलगा जातो आणि राधा विधवा होते.

वीररसाच्या ओघात या प्रसंगातील विसंगती सहज नजरेआड होते. राणोजी ज्या गावाच्या मानासाठी प्राण देतो, त्या गावाच्या वेशीच्या आत त्याला घर नाही. मांगवाडा गावाबाहेर आहे. मांगांनी दोर वळावेत, राखण करावी, हलगी वाजवावी आणि वेळ पडल्यास गावासाठी मरावे. पण गाव ज्या पंगतीत जेवते तेथे त्यांना पान मिळत नाही. अण्णा भाऊंनी या विसंगतीवर भाष्य केलेले नाही. शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी यांना त्यांनी मनाने मोठे दाखवले आहे आणि राणोजीच्या बलिदानापुढे गाव नतमस्तक होते असे चित्र रेखाटले आहे. हा लेखकाचा भाबडेपणा की हेतुपूर्वक पाळलेले मौन, याविषयी मतभेद संभवतो. जोगणीचा प्रसंग एकटा वाचला तर भाबडेपणा वाटतो. पुढील प्रकरणांच्या उजेडात तो पुन्हा वाचला तर निराळा अर्थ दिसू लागतो. गावाच्या मानासाठी मरणे ही राणोजीच्या पिढीची नीती होती. त्या नीतीचे मोल केवढे आणि तिचा मोबदला काय, हे पडताळून पाहण्याचे काम लेखकाने मुलावर सोपवले आहे.

बाप मारला गेल्यावर मुलाच्या वाट्याला जे पहिले कर्तव्य येते ते सुडाचे. खेड्यातील नीतिव्यवस्थेने ते आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि आजोबा दौलतीच्या घरात वाढणाऱ्या फकिराला ते सांगावेही लागत नाही. पुढे जोगणी परत नेण्यासाठी शिगावकर चालून येतात आणि बापू खोत त्याच्या तडाख्यात सापडतो. येथे वाचकाची अपेक्षा सरळ आहे : रक्ताला रक्त. फकिरा खोताचा हात तोडतो, पण त्याला जिवंत जाऊ देतो. वरवर पाहता हे वीराचे औदार्य आहे, आणि पोवाड्यात ते तसेच गाइले गेले असते. बारकाईने पाहता हा फकिराच्या आयुष्यातील पहिला न्यायनिवाडा आहे. बापाला मारणारा हात निकामी करणे एवढीच शिक्षा त्याला गुन्ह्याच्या मापाची वाटते. त्यापलीकडे तो जात नाही. सूड आणि शिक्षा यांतील भेद ज्याला कुणी समजावून सांगितलेला नाही, तो तरुण तलवार हातात असताना हा भेद करतो. त्याच्या वाढीची ही पहिली पायरी होय. तरीही ‘आपले’ या शब्दाचा आवाका येथे बापाएवढा आणि गावाएवढाच आहे.

दुसरे वळण दुष्काळाने येते. दुष्काळ आणि रोगराई यांनी मांगवाडा व महारवाडा हे दोन्ही मरणाच्या दारी येऊन ठेपतात. या भागातील वर्णन कादंबरीत सर्वांत समर्थ आहे. येथे लेखक विशेषणांचा आधार घेत नाही, कारण भुकेविषयी त्याला कल्पनेने काही रचावे लागत नाही. उपासाने मरू नका, काही करून जगा, असा सल्ला विष्णुपंत देतात. पुढे फकिरा माळवाडीच्या धनिकाचे धान्य लुटतो आणि ते भुकेल्यांत वाटतो.

विष्णुपंतांच्या या सल्ल्याने कादंबरीपुढे एक नैतिक पेच उभा राहतो आणि समीक्षेने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. फकिराच्या बंडाला पहिली अनुज्ञा एका ब्राह्मणाकडून का यावी? ॲटिकस फिंचप्रमाणे विष्णुपंतही आपल्या वर्गातील पूर्वग्रहांच्या वर उठलेला सज्जन आहे, आणि अशा सज्जनाच्या तोंडून न्यायाचा उच्चार करवून घेण्याचा मोह पुरोगामी लेखकालाही आवरत नाही, असे म्हणण्याचा मोह समीक्षकालाही होतो. ॲटिकस आणि विष्णुपंत यांत मात्र एक फरक आहे आणि तो निर्णायक आहे. ॲटिकस न्यायालयात टॉमच्या वतीने बोलतो. टॉमने करायचे असे काही उरत नाही. विष्णुपंत कुणाच्या वतीने काहीच करत नाहीत. जगण्याचा हक्क मालमत्तेच्या हक्काहून आधीचा आहे एवढे ते कबूल करतात, आणि कृती, धोका व परिणाम हे तिन्ही फकिराकडे राहतात. एका गोष्टीपुरता हा आक्षेप तरीही उरतोच. विष्णुपंतांच्या सल्ल्याची गरज फकिराला होती, की मध्यमवर्गीय वाचकाला होती? मांगवाड्यातील उपाशी माणसांना धान्य घेण्याचा अधिकार आहे हे राधेच्या किंवा दौलतीच्या तोंडून आले असते, तर कादंबरीची नैतिक बाजू अधिक स्वयंपूर्ण झाली असती. लुटीच्या वाटपात मात्र लेखक चुकत नाही. महारवाडा आणि मांगवाडा यांतील जुने अंतर भुकेने मिटवले आहे, आणि फकिराच्या ‘आपल्या’त आता जातीबाहेरची माणसे आली आहेत.

तिसरे वळण कायद्याच्या रूपाने येते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, आणि १९११ च्या कायद्याने त्याचा अंमल मुंबई इलाख्यापर्यंत आणला. दररोज ठराविक वेळी चावडीवर हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, असा त्याचा जाच होता. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, तो देशभर रद्द झाला. ‘फकिरा’त हजेरीचा प्रसंग येतो तेव्हा पूर्वग्रहाचे स्वरूपच पालटलेले दिसते. गावाचा पूर्वग्रह रूढीत राहत होता. त्याला माणसामाणसांतील जिव्हाळ्याने अधूनमधून फट पडत असे. राणोजीचा पराक्रम गाव विसरत नव्हते. हजेरीच्या वहीला राणोजी ठाऊक नसतो. तिच्यात नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच असते. गावातील सत्ता नव्या, निष्ठुर हातांत गेल्यावर रूढी आणि कायदा यांची युती होते, आणि बापाने गावाशी केलेला करार मुलाच्या दृष्टीने संपुष्टात येतो. बेडसगावचा सरकारी खजिना लुटण्यापर्यंत फकिरा येतो तो या वाटेने. त्याचे शत्रुत्व आता एका खोताशी किंवा एका धनिकाशी उरलेले नाही.

अशा नायकाने शेवटपर्यंत लढत मरावे, ही वीरकथेची मागणी असते. अण्णा भाऊंनी ती पुरवलेली नाही. सरकार फकिराच्या माणसांना डांबून ठेवते, आणि त्यांच्या सुटकेसाठी तो आपण होऊन हजर होतो. काही वाचकांना हा शेवट कमकुवत वाटतो. न्यायबुद्धीच्या वाढीच्या दृष्टीने पाहता मात्र याहून वेगळा शेवट संभवतच नव्हता. बापाने गावाच्या मानासाठी प्राण दिला. मुलगा जिवंत माणसांच्या सुटकेसाठी स्वतःला देतो. मानासाठी मरणे आणि माणसांसाठी मरणे यांतील फरक दौलतीच्या घराला दोन पिढ्यांत कळला, आणि त्याची किंमत दोन मुलगे ही होती. गटेच्या नायकाला जी तडजोड उपलब्ध होती ती फकिराला नव्हती. ज्या समाजात स्थिरावायचे त्याच्या वेशीच्या आतच जागा नसेल, तर घडणीची कादंबरी कुठे संपणार, या प्रश्नाला ‘फकिरा’ने दिलेले उत्तर असे कठोर आहे. लेखकाने ही कादंबरी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. तलवारीच्या नायकाची कथा लेखणीला अर्पण करणाऱ्याला तलवारीची मर्यादा ठाऊक नव्हती, असे मानणे कठीण आहे.

कादंबरीचे दोष लपवण्याचे कारण नाही. फकिराच्या मनात द्वंद्व उभे राहिले असावे अशा कितीतरी जागा लेखक एका वाक्यात ओलांडून जातो. खलपात्रे एकरंगी आहेत. निसर्गवर्णनांत आणि संवादांत शाहिराचा चढा स्वर वारंवार येतो. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे करणाऱ्या लेखकाच्या लेखणीला डफाची सवय होती, आणि हजारोंच्या सभेला ऐकू जाईल असा आवाज कागदावरही कधीकधी मोठाच राहतो. राधेवर तर अन्यायच झाला आहे. नवऱ्याचे मरण आणि मुलाचे बंड यांच्या मधली सारी वर्षे तिने कशी काढली, हे सांगण्यास लेखक थांबत नाही. घडणीच्या कादंबरीत घडवणाऱ्या स्त्रीला एवढी कमी जागा मिळावी, हे ‘श्यामची आई’च्या भाषेत मोठेच न्यून आहे.

ही कादंबरी लिहिली गेली ती वारणाकाठी नव्हे. अण्णा भाऊ त्या वेळी मुंबईच्या उपनगरात, घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडपट्टीत राहत होते. आयुष्याची वीसहून अधिक वर्षे त्यांनी तेथे काढली. ‘चिरागनगरची भुतं’ या कथासंग्रहाच्या नावात ती वस्ती कायमची राहिली आहे. उपनगराचा आणि ‘फकिरा’चा संबंध केवळ चरित्रापुरता मानला तर एक महत्त्वाचा धागा सुटतो, आणि तो ‘स्मशानातील सोनं’ या कथेत सापडतो. या कथेचा नायक भीमा हा वारणाकाठचाच. अंगात प्रचंड ताकद असूनही गावात पोट भरेना म्हणून मुंबईला आलेला आणि उपनगराच्या कडेला, जंगलालगतच्या झोपड्यांत बायको व मुलीसह राहणारा. खाणीतले काम बंद पडते. मग भीमा रात्री स्मशाने उकरू लागतो आणि प्रेतांच्या अंगावरचे सोने विकून घर चालवतो.

फकिरा आणि भीमा यांचा मुलूख एक, ताकद एक, भूक एक. दोघेही कायद्याच्या लेखी चोर आहेत. फकिराच्या चोरीला मात्र वाढत जाणारा नैतिक अर्थ लाभतो, आणि भीमाची चोरी त्याला माणसांतून उठवत नेते. याचे कारण स्वभावात शोधून भागणार नाही. भीमाही प्रेमळ आहे. मुलगी नाबदा हा त्याचा जीव की प्राण आहे. परंतु फकिराने लुटलेले धान्य वाटायला मांगवाडा होता, महारवाडा होता, चुकले तर विचारणारा आजोबा होता. भीमाच्या भोवती असे कुणी नाही. उपनगराने त्याला खाणीतली मजुरी दिली आणि ती काढूनही घेतली. या दोन्ही वेळी त्याच्याशी बोलायला माणूस आला नाही. ‘आपले’ हा शब्द बायको-मुलीपलीकडे नेण्याची वाटच भीमाला सापडत नाही. चिरागनगरात बसून वाटेगावचा मांगवाडा आठवणाऱ्या लेखकाला हे अंतर रोजच दिसत असले पाहिजे. ‘फकिरा’त गावाचे चित्र काहीसे उजळ झाले आहे, विष्णुपंत आणि शंकरराव काहीसे मोठे झाले आहेत, त्यामागे हेही एक कारण असावे.

कथेच्या शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे भीमाला गमवावी लागतात. त्यानंतर त्याला समजते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे.